कुपीतली पांढरी वडी

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर काचेची एक लहानशी कुपी गेली तीस वर्षे उभी आहे. तिला करड्या रबराचे बूच आहे, बुचावर अॅल्युमिनियमची टोपी आहे आणि आत तळाशी एक पांढरी वडी आहे. वडी जराशी आक्रसलेली, कुपीची भिंत सोडून एका बाजूला ओढली गेलेली अशी आहे. घरी येणाऱ्या पाहुण्यांचे लक्ष तिच्याकडे हटकून जाते. "ही कसली नारळाची वडी जपून ठेवली आहे?" असे कुणी विचारले, की आमच्या सौभाग्यवतींचे उत्तर ठरलेले असते, "ती खायची नाही आणि टाकायचीही नाही. बाकी काही मला विचारू नका."

पाहुणे हसतात, मीही हसतो. पण यंदा दिवाळी अंकासाठी काही लिहा असे संपादकांनी कळवले, तेव्हा वाटले की त्या वडीची हकिकत एकदा सांगून टाकावी. ती माझ्या धंद्याची हकिकत आहे, थोडी माझ्या चुकीचीही आहे. आणि तिची सुरुवात एका दिवाळीतच झालेली आहे.

किल्ल्याचा दगड

साल १९५९. मी नऊ वर्षांचा होतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी दिवाळीच्या आधी चार दिवस अंगणात किल्ला बांधण्याची धांदल चालली होती. बुरुजाला एक चपटा दगड हवा होता. तसा दगड परसातल्या गडग्यात आहे हे मला ठाऊक होते. पण मला तो उचलवेना. म्हणून मी माझ्या चुलत बहिणीला हाक मारली. आम्ही तिला ताई म्हणत असू. ती चौदा वर्षांची होती. ताईने दगड उचलला आणि हात झटकला. दगडाखाली वीतभर लांबीचे फुरसे होते.

कोकणातल्या वाचकांना फुरसे म्हणजे काय ते सांगायला नको. नाग चावला तर माणूस काही तासांत जातो. फुरशाचे तसे नाही. त्याचे विष रक्ताची गोठण्याची शक्तीच नाहीशी करते. पहिल्या दिवशी ताईचा हात सुजला. ती बोलत होती, पेजही प्याली. दुसऱ्या दिवशी तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. गावातल्या एकाने मंत्र घातला, दुसऱ्याने मुळी उगाळून लावली. मग काका तिला बैलगाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथले डॉक्टर भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "यावर औषध आहे हो; पण ते थंड ठेवावं लागतं आणि माझ्याकडे बर्फाची पेटी नाही. तुम्ही रत्नागिरी गाठा." काकांनी होडी केली, पुढे मोटार मिळवली. तिसऱ्या दिवशी रत्नागिरी सहा मैल राहिली असताना ताई गेली.

त्या वर्षी किल्ला अर्धाच राहिला. "औषध आहे, पण ते थंड ठेवावं लागतं" हे वाक्य मात्र माझ्या डोक्यात राहिले. पुढे मी रसायनशास्त्र घेतले, औषधांच्या कारखान्यात लागलो आणि आयुष्याची पस्तीस वर्षे एकाच कामात घालवली. ते काम म्हणजे, जे औषध थंड ठेवावे लागते ते कोरडे करून बर्फाच्या पेटीवाचून टिकेल असे करणे.

घोड्याचे देणे

सर्पदंशावरचे औषध म्हणजे प्रतिविष. ते कुठल्याही झाडपाल्यातून काढीत नाहीत आणि भट्टीतही बनवीत नाहीत. ते घोड्याच्या रक्तातून मिळते. फ्रान्सच्या पाश्चर संस्थेतील आल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात ही वाट पाडली. घोड्याला सापाच्या विषाची अगदी थोडी मात्रा टोचावी, मग हळूहळू ती वाढवावी. घोडा त्या विषाला तोंड देणारी प्रथिने आपल्या रक्तात तयार करतो. मग त्याचे थोडे रक्त काढून त्यातला रस वेगळा करायचा, पेप्सिन या पाचक द्रव्याने त्या प्रथिनांचा नको असलेला भाग तोडून टाकायचा आणि उरलेला उपयोगी भाग शुद्ध करून घ्यायचा.

आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर चालते. त्यासाठी लागणारे विष बव्हंशी चेन्नईजवळच्या इरुळा जमातीच्या सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येते. ही संस्था १९७८ साली निघाली. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारे हे लोक सापाचे विष काढून घेतात आणि त्याला पुन्हा रानात सोडतात. आपल्या मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी जोडलेले आहे. १८९६ च्या प्लेगच्या साथीत वॉल्डेमार हाफकिन यांनी सुरू केलेल्या प्रयोगशाळेतून ती उभी राहिली आणि १९२५ साली तिला त्यांचे नाव मिळाले.

प्रतिविषाच्या दहा मिलिलिटरच्या कुपीवर बारीक अक्षरांत छापलेले असते की यातील प्रत्येक मिलिलिटर नागाचे व घोणसाचे प्रत्येकी ०·६ मिलिग्रॅम आणि मण्यारीचे व फुरशाचे प्रत्येकी ०·४५ मिलिग्रॅम विष निकामी करील. एका कुपीने भागत नाही. विष अंगात भिनल्याची लक्षणे दिसली की पहिल्याच मात्रेला आठ ते दहा कुप्या लागतात. पातळ प्रतिविष दोन ते आठ अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात ठेवावे लागते आणि ते साधारण दोन वर्षे टिकते. कोरडी भुकटी किंवा वडी चार-पाच वर्षे टिकते आणि तिला फ्रीज लागत नाही. थंड, कोरडी जागा पुरते. साप चावतात ते शेतात, आणि तिथल्या दवाखान्यात वीज तीन-तीन दिवस नसते. तेव्हा या फरकाचे मोल काय आहे ते वाचकांच्या लक्षात येईलच.

प्रथिनांची नाजूक तब्येत

मग वाळवण्यात अवघड ते काय? आपल्या आयाबहिणी कुरडया वाळवतात, सांडगे वाळवतात, आमसुले वाळवतात. तसेच औषध उन्हात घातले की झाले!

पण तसे होत नाही. प्रथिनाचा रेणू म्हणजे एक लांबच लांब माळ असते आणि ती एका ठराविक रीतीने गुंडाळलेली असते. त्या गुंडाळण्यातच तिचा गुण आहे. गुंडाळी सुटली की माळ तीच राहते, पण औषध उरत नाही. अंडे उकडले की आतला पातळ, पारदर्शक भाग पांढरा व घट्ट होतो; तो पुन्हा पातळ करून दाखवा पाहू! दूध नासते तेव्हाही त्यातल्या प्रथिनांच्या गुठळ्या होतात. उष्णता, आंबटपणा, इतकेच काय, जोरजोरात घुसळून आणलेला फेससुद्धा त्यांना मानवत नाही. अशा पदार्थातले पाणी काढायचे, पण त्याला ऊन दाखवायचे नाही, अशी ही अट आहे.

यातून वाट काढली ती एका साध्या निसर्गनियमाने. देव्हाऱ्यातला कापूर डबी उघडी राहिली तर आपोआप उडून जातो. रेशमी लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या वर्षभरात नाहीशा होतात. त्या वितळत नाहीत. घट्टाच्या थेट वाफ होतात. बर्फालाही हे साधते. त्यासाठी भोवतालच्या हवेचा दाब नेहमीच्या दाबाच्या १६० व्या हिश्शाहूनही खाली उतरवावा लागतो. तेव्हा औषधाचे पाणी कुपीतच उणे चाळीस-पंचेचाळीस अंशांवर गोठवायचे, मग बंद कपाटातली हवा पंपाने ओढून घ्यायची आणि बर्फाला पाणी न होऊ देता वाफेच्या रूपाने बाहेर काढायचे. शेवटी राहिलेला थोडा ओलावा खोलीच्या उष्म्याहून थोड्या जास्त उष्म्यावर काढून टाकायचा. बर्फ जिथे जिथे होता तिथे पोकळी राहते आणि स्पंजासारखी सच्छिद्र वडी तयार होते. तिच्यात शुद्ध पाणी घातले की औषध पुन्हा पूर्ववत पातळ होते.

आमच्या कारखान्यात या यंत्राला सगळे 'लायो' म्हणत. "आज लायो लावला" म्हणजे पुढचे दोन-तीन दिवस कुणी घरी वेळेवर जाणार नाही, असा त्याचा अर्थ!

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत शॅकेल यांनी १९०९ साली ती प्रयोगशाळेत वापरली. १९३५ साली फ्लॉसडॉर्फ आणि मड यांनी रक्तातला रस अशा रीतीने वाळवून दाखवला. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी हाच वाळवलेला रस डब्यांतून रणांगणावर गेला. पुढे १९५० च्या दशकात लंडनच्या लिस्टर संस्थेत कॉलियर यांनी देवीची लस याच पद्धतीने वाळवली. पूर्वीची पातळ लस आपल्या उन्हाळ्यात लवकर निकामी होई. वाळवलेली लस ३७ अंशांच्या उष्म्यात महिनाभर राहिली तरी चाले. बेळगावच्या संस्थेतही ती तयार होत असे. आपल्या देशातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली नोंदला गेला. त्या यशात या कोरड्या लसीचा वाटा फार मोठा आहे.

खडीसाखर की लिमलेट?

नुसते गोठवून वाळवले की काम फत्ते, असे मात्र समजू नका. आमचे खरे डोके खर्च होई ते औषधात आणखी काय काय घालायचे हे ठरवण्यात.

लहान मूल आइसफ्रूट चोखते तेव्हा काय होते ते पाहा. गोड रस आधी तोंडात येतो आणि मागे बेचव बर्फ राहतो. गोठताना पाणी आपल्यापुरते शुद्ध बर्फ होऊन बाजूला सरते आणि साखर, मीठ, रंग सगळे एका कोपऱ्यात दाटीने गोळा होते. कुपीतही तेच होते. बिचारे प्रथिन खारट, दाट चिखलात सापडते. औषधाचा आंबटपणा ठराविक ठेवण्यासाठी जे क्षार घालतात, त्यांतला सोडियम फॉस्फेटचा एक प्रकार गोठताना स्फटिक होऊन बाहेर पडतो, आणि सातवर असलेला सामू चारच्या आसपास उतरू शकतो. दूध लिंबाने नासावे तसा प्रकार! म्हणून जाणते लोक फॉस्फेटऐवजी हिस्टिडीनसारखे द्रव्य पसंत करतात. बर्फाच्या पृष्ठभागाशी घासून प्रथिनाची गुंडाळी सुटू नये म्हणून पॉलिसॉर्बेट नावाच्या साबणासारख्या द्रव्याचा लवलेश घालतात.

पण खरी रक्षणकर्ती म्हणजे साखर. पाणी निघून गेल्यावर प्रथिनाला जिथे जिथे पाण्याचा आधार होता, तिथे साखर जाऊन बसते आणि त्याची घडी मोडू देत नाही. मात्र ही साखर स्फटिक होता कामा नये. खडीसाखर आणि लिमलेटची गोळी या दोन्ही साखरेच्याच. खडीसाखरेत रेणू कवायतीच्या रांगेत उभे असतात. तिथे परक्याला जागा नाही. लिमलेटमध्ये ते जसे असतील तसे जागच्या जागी थिजलेले असतात. ती साखरेची काच आहे. प्रथिन या काचेत अडकले की हलायला जागाच राहत नाही, आणि हलता येत नाही म्हणून बिघडताही येत नाही. अंबरात अडकलेल्या किड्यासारखी त्याची स्थिती होते.

साखरही कोणतीही चालत नाही. दुधातली साखर किंवा ग्लुकोज घातले तर ते प्रथिनाशीच संग करते आणि वडी काही महिन्यांनी तांबूस होते. खवा भाजताना जो खमंग तांबूस रंग येतो तोच हा; पेढ्यात तो हवा, औषधात नको. म्हणून आपली नेहमीची उसाची साखर किंवा ट्रेहॅलोज नावाची साखर वापरतात. यीस्ट आणि वाळवंटातल्या काही वनस्पती कोरड्या पडूनही जिवंत राहतात, त्या ट्रेहॅलोजसारख्या साखरांच्या बळावरच. कर्करोगावरच्या ट्रॅस्टुझुमॅब या प्रसिद्ध औषधाच्या वडीतही ट्रेहॅलोजच आहे.

या काचेला एक भय असते, ते म्हणजे ओलावा. लिमलेटची गोळी उन्हाळ्यात खडखडीत असते आणि श्रावणात चिकट होऊन कागदाला बसते, हे प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. कोरडी साखरेची काच सुमारे ७० अंशांपर्यंत घट्ट राहते. शेकडा तीन-चार भाग पाणी शिरले की तो आकडा ४०-४५ च्या आसपास घसरतो. म्हणजे पाण्याने काच मऊ होते, आणि मऊ झाली की आतले प्रथिन हलू लागते.

वाळवतानाही हेच भय असते. साखरेचा गोठलेला दाट पाक सुमारे उणे ३२ अंशांवर मऊ पडू लागतो. घाई करून उष्णता जास्त दिली की वडी कोसळते आणि तळाशी डिंकासारखा थर उरतो. उलट फार सांभाळून गेले तर वेळ लागतो. बर्फाचा उष्मा एक अंशाने वाढवला की वाळवण्याचा वेळ सुमारे शेकडा १३ ने वाचतो, असा आमच्या धंद्यातला हिशेब आहे. मालकाला वेळ हवा असतो आणि रसायनज्ञाला अंश. सगळी भांडणे इथूनच उपजतात.

माझी सही

आता त्या कुपीकडे येतो. १९९४ सालच्या मार्च महिन्यात आमच्या कारखान्याला प्रतिविषाची मोठी मागणी आली. पावसाळ्यात सर्पदंश वाढतात, म्हणून माल मे महिन्यात निघायला हवा होता. आमच्या सूत्रात साखर होती; वडी सुमारे सहाशे मिलिग्रॅमची भरे. लायो तर घाईने चालवता येत नव्हता. तेव्हा बाकी कुठे वेळ वाचतो ते मी पाहू लागलो.

रबराची बुचे वाफेवर निर्जंतुक करून मग आठ तास ११० अंशांच्या कोरड्या हवेत ठेवायची, असा आमचा नियम होता. मी म्हटले, बुचे तर हाताला कोरडी लागतात! आठ तासांचे दोन तास केले. बदलाच्या कागदावर सही माझी होती. कुणी मला भरीला घातले नव्हते.

माल तयार झाला. वडीतला ओलावा तपासला तर शेकडा एक, उत्तम. शक्ती तपासली, तीही उत्तम. खोकी गेली. रिवाजाप्रमाणे काही कुप्या आम्ही ४० अंशांच्या कपाटात ठेवल्या. काही महिन्यांतच पुढच्या वर्षांचा अंदाज यावा म्हणून औषधाला असा जाच करून पाहतात. महिन्याने पाहिले तर सर्व ठीक होते. तीन महिन्यांनी, जूनच्या अखेरीस, कपाट उघडले आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. वड्या आक्रसल्या होत्या. पाणी घातले तर विरघळायला वेळ घेत होत्या. ओलावा शेकडा तीनवर गेला होता. टोप्या घट्ट होत्या, कुप्यांना चीर नव्हती, मग पाणी आले कुठून?

मी वरिष्ठांकडे गेलो आणि माल परत मागवावा असे म्हणालो. ते म्हणाले, "माल पास झालेला आहे. माणसं काही चाळीस अंशांवर राहत नाहीत."

"कोकणात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत राहतात, साहेब," मी म्हणालो.

"आधी कारण आणा. कारणाशिवाय मी मुख्य कचेरीला काय सांगू?"

कारण मला आमच्या स्वयंपाकघरात सापडले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. जुलैतला रविवार होता. धाकट्या मुलाने लिमलेटची बरणी उघडली आणि गोळ्यांचा एक लगदा हाती आला. मी सौभाग्यवतींना म्हटले, "बरणी ओली राहिली वाटतं."

"बरणी मी स्वतः उन्हात कडकडीत वाळवली होती," त्या म्हणाल्या. "झाकण तुम्ही धुतलंत. वरून पुसलंत; पण आतली पुठ्ठ्याची चकती ओलीच असेल. ती काय लगेच वाळते?"

मी तसाच उठलो आणि रविवार असूनही कारखान्यात गेलो. बुचे तपासली. वरून कोरडे लागणारे रबर वाफेतले पाणी पोटात धरून बसले होते. एकेका बुचात बारा-तेरा मिलिग्रॅम, म्हणजे थेंबाचा चौथा हिस्सा. कुपी बंद झाल्यावर महिनोन्‌महिने ते पाणी हळूहळू वडीत उतरत होते. सहाशे मिलिग्रॅमच्या वडीला तेवढे पाणी म्हणजे शेकडा दोन. हिशेब चोख जुळला. ज्या सहा तासांची मी बचत केली होती, ते हे सहा तास होते.

दुसऱ्या दिवशी कारण आणि माझ्या सहीचा कागद दोन्ही मी वरिष्ठांच्या टेबलावर ठेवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी टेलिफोन उचलला. त्यांच्याविषयी मला आजही आदर आहे. पाच मिनिटांत माल परत मागवण्याचा हुकूम सुटला. माझी त्या वर्षीची बढती गेली. ती जायलाच हवी होती.

दहा कुप्या

खोकी परत येऊ लागली. कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या खोक्यात मात्र चौदा कुप्या कमी होत्या. मी रजा काढली आणि एस.टी.ने तिथे गेलो.

पाऊस धो धो कोसळत होता आणि वीज गेलेली होती. तिथल्या सिस्टरांनी कंदिलाच्या उजेडात मला नोंदवही दाखवली. दोन आठवड्यांपूर्वी अकरा वर्षांची एक मुलगी आली होती. गवत कापताना फुरसे चावले होते.

"औषध लवकर विरघळेना, साहेब," त्या म्हणाल्या. "एरवी काही मिनिटांत होतं. मी आणि आया दोघी कुप्या हातात घेऊन घोळवत बसलो. हलवायचं नाही, फेस होतो, एवढं मला ठाऊक होतं. दहा कुप्या दिल्या. सहा तासांनी रक्त तपासलं तर गोठत नव्हतं. मग डॉक्टरांनी आणखी चार द्यायला सांगितल्या."

"आणि मुलगी?"

"पाचव्या दिवशी घरी गेली."

मी तिथल्या बाकावर बसलो. एक घटका मला उठवेना. फुरशाच्या दंशात दुसरी मात्रा द्यावी लागणे यात नवल काही नसते. चांगल्या औषधालाही ती लागते. तेव्हा ती मुलगी माझ्या औषधामुळे वाचली की माझे औषध असूनही वाचली, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही. कपाटातल्या आक्रसलेल्या वड्यांपैकी एक कुपी मी परवानगीने घरी आणली आणि टेबलावर ठेवली. तीच ही वडी.

आता मी निवृत्त आहे. धंदा पुष्कळ पुढे गेला आहे. हिमोफिलियाच्या रोग्यांना लागणारे रक्त गोठवणारे द्रव्य आणि कर्करोगावरची नवी प्रथिने अशाच पांढऱ्या वड्यांच्या रूपाने घरोघर आणि दवाखान्यांत पोचतात. पण साप चावून माणसे मरायची थांबलेली नाहीत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने गेली. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. औषध कुपीत टिकवण्याची विद्या आपल्याला आली आहे. माणसाला त्या कुपीपर्यंत वेळेवर नेण्याची अजून पुरती आलेली नाही.

म्हणून वाचकांना हात जोडून एवढेच सांगतो. कुणाला साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात किंवा पाय लाकडाच्या पट्टीला बांधून हलू न देता रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. आणि रुग्णालयात सिस्टर कुपी हातात घेऊन शांतपणे घोळवत बसलेल्या दिसल्या, तर त्यांच्यावर ओरडू नका. त्या वेळ काढीत नाहीत. त्या औषध जपत असतात.

आमचे नातू यंदाही अंगणात किल्ला बांधणार आहेत. दगड कुठून आणायचे याची चर्चा कालच सुरू झाली. मी त्यांना एक लांब काठी दिली आहे. दगड आधी काठीने उलथायचा, खाली पाहायचे आणि मगच हात घालायचा, असा आमच्या घरचा नियम आहे. त्यांना तो आजोबांचा लहरीपणा वाटतो. वाटू दे. नियम मात्र ते पाळतात.